जुन्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल तुटला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळीत हंगाम सुरू झाला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. ट्रॅक्टरनं गुडघा टेकलेला, एक चाक आडवं, मागे भरलेली ट्रॉली आणि खाली एकच ओळ: "काय करू?" त्याच त्या उत्तरांचा कंटाळा आला म्हणून इथे एकत्र लिहितोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. उत्तरं टू-व्हील ड्राइव्हच्या (फक्त मागची दोन चाकं ओढतात अशा), साधारण २५ ते ५० एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरांसाठी आहेत: मॅसी १०३५, महिंद्रा बी-२७५ आणि ५७५, स्वराज ७३५, फोर्ड ३६००, एचएमटी वगैरे. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर थेट प्रश्न १३ पाहा.

१. पुढचा ॲक्सल म्हणजे नेमका कोणता भाग? मिस्त्री एक नाव सांगतो, दुकानदार दुसरंच.

ॲक्सल हा एक तुकडा नसतो, म्हणून हा घोळ. मधोमध आडवा बीम असतो. इंजिनाच्या पुढे बिडाचं ब्रॅकेट असतं, त्यात सेंटर पिनवर हा बीम पाळण्यासारखा झुलतो. म्हणूनच एक चाक बांधावर चढलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. बीमच्या दोन्ही टोकांना रुंदी कमीजास्त करायचे बाहेरचे आर्म असतात, त्यांना भोकं पाडलेली असतात. आर्मच्या टोकाला उभं बुश (आत बसवलेली नळी) आणि त्यात फिरणारा स्टब ॲक्सल. यालाच कुणी स्पिंडल म्हणतं, कुणी किंगपिन. स्टबच्या आडव्या दांड्यावर दोन टेपर बेरिंगं, त्यावर हब, हबवर चाक. काही ट्रॅक्टरांना बीमच्या टोकापासून मागे क्लच हाउसिंगकडे (इंजिनामागचं क्लचचं घर) जाणारे तिरपे दांडेही असतात, ते रेडियस रॉड.

दुकानात नाव सांगत बसू नका. तुटलेला तुकडा पोत्यात घालून न्या.

२. रानात ट्रॅक्टर पुढून बसला. सगळ्यात आधी काय करायचं?

इंजिन बंद करा. "जरा मागे घेऊन बघू" हा मोह टाळा. लोंबकळणारं चाक त्या दोन फुटांत टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) वाकवतं, कधी रेडिएटरच्या खालच्या पाइपलाही धक्का देतं.

मग ट्रॉली सोडा, पण आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लाकडी गुटके लावा, ब्रेक लॉक करा, गिअरमध्ये ठेवा. इंजिनाखाली वाकून बघा: चेंबर (इंजिन ऑइलची खालची टाकी) फुटलाय का, ऑइल गळतंय का.

आणि एक काम जे जवळपास कुणीच करत नाही: तुटलेल्या जागेचा फोटो काढा. डिझेलनं पुसण्याआधी, धुण्याआधी, वेल्डिंगवाल्यानं ग्राइंडर लावण्याआधी. दोन्ही तुकड्यांच्या तोंडांचा, जवळून, उन्हात. का, ते पुढच्या उत्तरात.

३. तुटलाच का? ट्रॅक्टर जुना आहे म्हणून?

वयानं लोखंड तुटत नाही. तुटलेलं तोंड वाचता आलं तर कारण तिथेच लिहिलेलं असतं.

तोंडाचा एक भाग काळा किंवा गंजका, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणाच्या रेघा. आणि उरलेला भाग ताजा, चकचकीत, दाणेदार. असं दिसलं तर तडा जुना आहे. गंजका भाग म्हणजे हळूहळू, खड्ड्यागणिक सरकलेला तडा. चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. मी पाहिलेल्या बहुतेक तोंडांत गंजका भाग अर्ध्याहून जास्त असतो. म्हणजे ॲक्सल तुटला काल, पण तुटायला लागला होता दोन-तीन हंगामांआधी. रेघा ज्या टोकाकडे आखडत जातात तिथे तड्याचं मूळ. त्या जागी बहुधा जुन्या वेल्डिंगचा थेंब, गंजाचा खड्डा, नाहीतर कुणीतरी "ग्रीस निपलसाठी" पाडलेलं भोक सापडतं.

सगळं तोंड एकसारखं चकचकीत असेल तर तो एका धक्क्याचा मामला: चाक पाइपलाइनच्या चरात गेलं किंवा बांधावरून आदळलं.

बीम कुठे तुटला यालाही अर्थ आहे. वजन मधे दाबतं आणि चाकं टोकांना वर रेटतात, त्यामुळे बीमचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि सगळ्यात जास्त ताण सेंटर पिनजवळ येतो. जुना तडा बहुतेकदा तिथेच, खालून सुरू होतो. त्यात सेंटर पिनचं बुश झिजलेलं असेल तर प्रत्येक खड्ड्याला बीम पिनवर घणासारखा आपटतो. तुटलेला बीम दिसतो, पण खरा गुन्हेगार बऱ्याचदा तो शेजारचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा बुश असतो. तो न बदलता नवा बीम घातला तर आपली भेट ठरलेली आहे.

४. तुटलेला भाग बिडाचा की पोलादाचा, गावातच कसं ओळखायचं?

ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. बिडाच्या ठिणग्या आखूड, लालसर, लगेच विझणाऱ्या. पोलादाच्या लांब, पांढरट-पिवळ्या. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्यांना टोकाशी फुलबाजीसारखे फाटे फुटतात, आणि स्टब ॲक्सलच्या ठिणग्या बऱ्याचदा अशाच असतात. दुसरी खूण ड्रिलची: बिडातून भुसा पडतो, पोलादातून वळ्या निघतात.

साधारणपणे पुढचं ब्रॅकेट बिडाचं, स्टब फोर्जिंगचा (तापवून ठोकून घडवलेला), आणि बीम फोर्जिंगचा किंवा जाड प्लेटा वेल्ड करून केलेला चौकोनी पेटीसारखा. काही मॉडेलांत बीमही ओतीव असतो, म्हणून अंदाज बांधू नका, ठिणगी बघा.

५. वेल्डिंग करून चालेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. उत्तर भागागणिक बदलतं.

स्टब ॲक्सल: नाही. कधीच नाही. तो बारीक आहे, उष्णता देऊन कणखर केलेला आहे आणि चाकाचा सगळा भार त्या एका दांड्यावर आहे. वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि पुढच्या वेळी तो तिथूनच, सूचना न देता जातो. रस्त्यावर चाक सुटणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय तो पुन्हा हा प्रश्न विचारत नाही. नवा स्टब घ्या.

बाहेरचा आर्म: भोकातून तुटला असेल तर बदला. आर्मचं उभं बुश बसायचं घर फाटलं असेल तरी बदला.

बीम: पोलादाचा असेल आणि तडा पिनच्या भोकापासून लांब असेल तर नीट वेल्डिंग टिकतं. भोकातूनच गेला असेल तर तात्पुरतं समजा आणि दुसरा बीम शोधायला लागा.

बिडाचं ब्रॅकेट: कोपऱ्याचा कान तुटला तर निकेलच्या रॉडनं किंवा गॅसवर पितळी जोड देऊन काम होतं. पण पिनचं घर किंवा इंजिनला बोल्टनं आवळतात ती बाजू फाटली तर मी हात लावत नाही. त्या चार-सहा बोल्टांवर ट्रॅक्टरचं पुढचं सगळं वजन असतं.

टाय रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा): वाकली तरी गरम करून सरळ करू नका. बदला.

६. वेल्डिंगवाल्याला नेमकं काय सांगू? तो म्हणतो, "सोड इथं, संध्याकाळी ने."

संध्याकाळी मिळणारा ॲक्सल मला नको. माझाच एक जुना किस्सा सांगतो. घाईत एक बीम वेल्ड केला, मालक उभाच होता, म्हणून पाणी ओतून थंड केला. पंधरवड्यात परत आला. माझा जोड शाबूत, तडा जोडाच्या शेजारी बोटभर अंतरावर. चूक सगळी माझी.

पहिली अट: बीम ट्रॅक्टरवरून काढून आणायचा. ट्रॅक्टरवरच वेल्ड केलं आणि अर्थिंगची क्लिप लांब लावली तर करंट बेरिंगमधून जातो आणि रोलरवर डाग पडतात. ब्रॅकेटसारखं काही जागेवरच करणं भाग असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा आणि क्लिप जोडाच्या अगदी शेजारी लावा.

मग सफाई. ग्रीस, रंग, गंज जाऊन धातू चकाकला पाहिजे. तडा किती लांब आहे ते डोळ्यांवर सोडू नका. रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरा. तड्यात मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. बाजारात लाल डायचा स्प्रे मिळतो, त्याचंही तत्त्व हेच. तड्याच्या टोकाच्या किंचित पुढे ३ ते ५ मिमीचं भोक पाडा, म्हणजे गरम करताना तो पळणार नाही. दोन तुकडे झाले असतील तर हा प्रश्न नाही.

तोंडांना साधारण ६० अंशांची खाच, जाड भागाला दोन्ही बाजूंनी. वरवर रेघ ओढलेलं वेल्डिंग म्हणजे रंगकाम. टाके घालण्याआधी बीम सरळ आहे का बघा: दोन्ही टोकांच्या भोकांतून दोरी ताणा आणि जाड अँगलला बांधून ठेवा. इथे दोन-तीन मिमी चुकलं तर पुढे चाकांचं गणित जुळत नाही.

रॉड ७०१८. रोजच्या ग्रिलचा ६०१३ इथे नको. ७०१८ ओल धरतो आणि ओला रॉड जोडात हायड्रोजन सोडतो, त्यातून दुसऱ्या दिवशी आतून भेगा पडतात. उघड्या पुड्यातला रॉड असेल तर ३०० ते ३५० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये भाजलेला हवा. तव्यावर गरम केलेला चालत नाही.

बीम १५० ते २०० अंशांपर्यंत गरम करून मग वेल्डिंग. लांब रेघ न मारता आलटून पालटून दोन्ही बाजूंना छोटे टप्पे, प्रत्येक थरानंतर मळी काढायची. शेवटी कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर ठेवायचं. सकाळी खालच्या बाजूचा जोड ग्राइंडरनं सपाट, घासायची दिशा बीमच्या लांबीची.

वर पट्टी मारायची असेल तर ती पत्त्यांतल्या चौकटसारखी, टोकं निमुळती. आयताकृती पट्टीची सरळ कड खालच्या पृष्ठभागावर आडवी वेल्ड केली की नवा तडा तिथूनच जन्मतो.

पेटीसारखा पोकळ बीम सगळीकडून बंद असेल तर गरम करण्याआधी एक छोटं भोक पाडून वाफेला वाट द्या. आत ग्रीस किंवा पाणी असेल तर तो फुटू शकतो.

बिडाला हे सगळं लागू नाही. तिथे निकेलचा रॉड, इंचभर टप्पा, लगेच हातोडीनं हलके ठोके, हात लावता येईल इतकं निवू द्यायचं, मग पुढचा इंच.

७. ॲक्सल काढायला ट्रॅक्टर उचलायचा कसा? जॅक एकच आहे.

एक जॅक पुरतो, एक आधार पुरत नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, वजन धरून ठेवायला लाकडी स्लीपरची चळत किंवा स्टँड हवा. विटा नकोत, त्या न सांगता फुटतात. रानात जॅकखाली जाड फळी घाला.

बीमखाली जॅक लावला तर बीम वर येतो आणि इंजिन पिनवर एका बाजूला कलंडतं. म्हणून उचलण्याआधी बीम आणि ब्रॅकेट यांच्यामधे दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका. मग आधार मागे, क्लच हाउसिंगखाली घ्या. इंजिनाचा चेंबर बिडाचा असेल तर त्याखालीही फळी घालून आधार चालतो. पत्र्याचा असेल तर अजिबात नको.

टाय रॉडची टोकं, ड्रॅग लिंक, असतील तर रेडियस रॉड सोडा. सेंटर पिन जाम असेल तर डिझेल घालून रात्रभर सोडा. घण मारायचाच तर मधे पितळेचा तुकडा धरा, नाहीतर पिनचं डोकं पसरतं आणि मग ती कधीच निघत नाही. शेवटी बीम खाली घ्यायला तीन माणसं. दोघांत करायचं म्हणून एकाचं बोट गेलेलं मी पाहिलंय.

८. सेंटर पिन आणि बुश दरवेळी बदलायचेच का?

बीम काढलाच आहे तर हो. हे काम पुन्हा उघडायचं म्हणजे प्रश्न ७ पुन्हा करायचा. बुश स्वस्त असतं. बदललं नाही तर काय होतं, ते प्रश्न ३ मध्ये आहे.

नवं बुश बसवल्यावर पिन हातानं, दाबून सरकली पाहिजे. घट्ट असेल तर लेथवाल्याकडे रीमर मारून घ्या. बुशातलं ग्रीसचं भोक आणि निपलचं भोक समोरासमोर आलं का, हे बसवतानाच बघा. नवं बुश वर्षात खलास झालं की बऱ्याचदा हेच निघतं. बीमच्या पुढे-मागे जागा राहिली तर जाडीच्या चकत्या टाका.

९. स्टबवर बेरिंग सैल बसतंय. लेथवर भरून घेऊ का?

वेल्डनं भरून लेथ मारणं हे प्रश्न ५ मधल्या "कधीच नाही"त येतं, कारण उष्णता तीच. पंचनं टोचे मारून बेरिंग घट्ट करणं हे तर चार दिवसांचं नाटक. बेरिंगची आतली रिंग दांड्यावर फिरून झीज झाली असेल तर स्टबच बदला, आणि बेरिंग जाम का झालं होतं ते शोधा. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरात उत्तर बहुधा एकच: हबचं सील गेलंय आणि ग्रीसच्या जागी चिखल आहे.

नवं बेरिंग बसवताना चाक फिरवत नट आवळा, जड झालं की किंचित मागे घ्या, पहिल्या खाचेत कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून आडवी घालतात ती). चाक मोकळं फिरावं, पण वर-खाली हलवलं तर खडखडू नये. जुनी कॉटर पिन पुन्हा वापरू नका. खिळा तर नकोच.

१०. भंगार बाजारातला किंवा दुसऱ्या मॉडेलचा ॲक्सल बसेल का?

त्याच मॉडेलचा असेल तर भंगारातला बीम कसाबसा वेल्ड केलेल्या बीमपेक्षा बरा. घेण्याआधी प्रश्न ६ मधली रॉकेल-खडूची परीक्षा त्याच्या दारातच करा. ताजा रंग मारलेला असेल तर खालची बाजू खरवडून बघा.

दुसऱ्या मॉडेलचा बसतो, पण नुसता बसून भागत नाही. पिनची जाडी, बीमची मागे झुकण्याची ठेवण, स्टबची उंची, स्टिअरिंग आर्मची लांबी हे सगळं जुळलं पाहिजे. आर्मची लांबी वेगळी असली तर वळणावर दोन्ही चाकं आपापल्या वाटेनं जायला बघतात, टायर घासतात आणि टाय रॉडवर ताण येतो. नवे सुटे भाग लुधियाना आणि राजकोटकडून भरपूर येतात. चांगले असतात, वाईटही असतात. दुकानात दोन नग शेजारी ठेवून जड असेल तो घ्या, ही आमच्या वस्तादांची पद्धत, अजून चुकलेली नाही.

११. सगळं जोडलं. आता चाकं सरळ आहेत हे कसं बघायचं?

चाकांची पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित आत हवी. किती, ते मॉडेलच्या पुस्तकात असतं, पण बहुतेक ठिकाणी काही मिलिमीटरच. सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवा. दोन्ही टायरांवर पुढे, हबच्या उंचीला, मधल्या रेघेवर खडूच्या खुणा करा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. ट्रॅक्टर ढकलत त्याच खुणा मागे हबच्या उंचीला आणा, पुन्हा मोजा. पुढचं माप कमी हवं. टाय रॉड फिरवून जुळवा आणि चेक नट आवळा.

ज्या ट्रॅक्टरांना टाय रॉडऐवजी दोन बाजूंना दोन ड्रॅग लिंक असतात, तिथे दोन्ही सारख्या फिरवाव्या लागतात, नाहीतर स्टिअरिंग मधोमध राहत नाही.

बोल्ट बदलताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा, जुन्यावर होता तोच, बघून घ्या. तासभर काम झाल्यावर आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी सगळे आवळा.

१२. उसाच्या सरीसाठी ॲक्सल शेवटच्या भोकापर्यंत रुंद केलाय. त्यामुळे तुटतो का?

भार वाढतो, हे नक्की. चाक मध्यापासून ६० सेंमीवर होतं ते ७५ वर नेलं तर त्याच वजनाला पिनपाशी बीमला वाकवणारा जोर सव्वापट होतो. शिवाय आर्म बीममध्ये कमी लांबी शिरलेला असतो, दोनऐवजी एकाच बोल्टवर लटकवला तर भोक लांबट होतं. आंतरमशागतीला रुंद करा, पण ट्रॉली जोडून कारखान्याच्या रस्त्याला लागण्याआधी आत घ्या. चाकाची डिस्क उलटी करून रुंदी वाढवली तर भार बेरिंगवर जातो. तो उपाय त्याहून वाईट.

पुढे डोझर किंवा लोडर लावला असेल तर हे सगळं दुप्पट लक्षात ठेवा. ३५ एचपीच्या जुन्या बीमवर भरलेलं बकेट घेऊन बांध उतरणं म्हणजे प्रश्न २ कडे परत जाणं.

१३. माझा फोर-व्हील ड्राइव्ह आहे. हेच लागू होतं का?

नाही. त्याच्या ॲक्सलच्या आत डिफरन्शियल आणि शाफ्ट असतात. घर तडकलं तर वेल्डिंगनं आतली बेरिंगांची रेघ हलते. ते काम साच्यावर बांधून, पुन्हा मापं घेऊन करणाऱ्याकडेच द्या. टायर बदलताना पुढच्या-मागच्या घेराचं गुणोत्तर कंपनीचंच ठेवा.

१४. विम्यातून पैसे मिळतात का? आरटीओला कळवावं लागतं?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या नुकसानीचे नाही. पूर्ण विमा असला तरी यांत्रिक बिघाड त्यात धरत नाहीत, अपघातामुळे तुटला असेल तर धरतात. सर्व्हेअर प्रश्न ३ मधल्याच रेघा बघतो, त्यामुळे त्याच्याआधी तुकडे घासू नका.

त्याच मॉडेलचा भाग घालणं ही दुरुस्ती. ट्रॅक्टरची मूळ रचना बदलली तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या, वाहनातल्या बदलांबाबतच्या कलम ५२ मध्ये येतं. चासी नंबर कुठे ठोकलाय ते काम सुरू करण्याआधी शोधा. तुमच्या मॉडेलला तो पुढच्या ब्रॅकेटवर असेल तर ब्रॅकेट बदलण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

१५. गॅरेज आठ किलोमीटरवर आहे. ट्रॅक्टर टोचन करून नेऊ का?

ट्रॅक्टर तिथेच स्लीपरवर राहू द्या, ॲक्सल काढून टेम्पोत न्या. हे सगळ्यात स्वस्त.

वाटेतच उभा असेल आणि हलवणं भागच असेल तर पुढचा भाग दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागे उचलून, पण साखळी त्याच्या हायड्रॉलिकच्या भरवशावर न ठेवता ड्रॉबारला पक्की बांधून, फक्त रस्त्याच्या कडेपर्यंत. माणूस चालण्याच्या वेगानं. न्यूट्रलमध्ये. दोन ट्रॅक्टरांच्या मधे कुणी उभं राहायचं नाही. पोरं हौसेनं येतात, त्यांना आधी बांधावर बसवा.